एकही फुलू द्यायची नाही

जुलैची सहा तारीख, रविवार. काम: लिलीच्या पातींवरच्या अळ्या वेचणे.

सकाळपासून कोसळणाऱ्या पावसाने दुपारी उघडीप दिली, तशी मी सोसायटीच्या गच्चीत जाऊन उकिडवी बसले. डाव्या हाताशी मिठाच्या पाण्याची बरणी, उजव्या हातात भुवया कोरायचा चिमटा. अळी करंगळीच्या दोन पेरांएवढी. काळी कुळकुळीत, अंगभर पांढरे ठिपके, मध्येमध्ये लाल टिकल्या. दिसायला देखणी. पण ही देखणी बया बघता बघता लिलीची जाड पात आतून पोखरून तिचा पातळ कागद करते आणि मग खाली उतरून मातीतल्या कांद्यात शिरते. पात गेली तर नवी फुटते. कांदा गेला की झाड गेलं.

एक अळी चिमट्यात धरली आणि फोन वाजला.

"बँडवाले किती गावले?"

"बरेच."

"बरेच म्हंजे?"

"तात्या, वेचू का मोजू?"

"वेच, वेच. आन् फुललं नाय ना कुठं?"

"नाही हो."

"एकपन फुलू द्यायची नाय हां, बाय. सांगून ठेवतो."

फोन करणारा माणूस माझ्या पायाखाली तीन मजले खाली, स्वतःच्या घरात, काळा गॉगल लावून बसला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी वाकायला, धुळीत जायला आणि जिने चढायला मना केलेलं. म्हणून त्याच्या कुंड्या माझ्याकडे आल्या होत्या. या माणसाचं नाव गजूतात्या राऊत. आमच्या गच्चीवर त्यांनी चाळीसेक कुंड्यांतून लिली लावली आहे आणि आमच्या बिल्डिंगमधल्या एकाही माणसाने त्यातली एकही लिली झाडावर फुललेली पाहिलेली नाही.

झाडं वांझ नाहीत. कळ्या येतात, भरपूर येतात. गजूतात्या त्या फुलूच देत नाहीत.

ही लिली म्हणजे दुकानात सेलोफेनमध्ये गुंडाळून मिळते ती गुलाबी-केशरी नव्हे. वेणीत ओवतात, लग्नाच्या मांडवाला लांब सरांनी सोडतात, ती आपली साधी पांढरी लिली. कळी पेन्सिलीसारखी लांब, फुलली की कोळ्याच्या पायांसारख्या बारीक पाकळ्या. विरारच्या पश्चिमेला, आगाशीच्या बाजूला अजून कुठे कुठे तिच्या वाड्या आहेत. तात्यांची वाडी तिथेच होती. तात्यांच्या आजोबांनी लिली लावली, वडिलांनी वाढवली आणि तात्यांनी, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "जल्मभर खुडली." लिली संध्याकाळी फुलते. त्या वेळी ती कोणाच्या तरी केसांत किंवा कुठल्या तरी देवाच्या गळ्यात असायला हवी. म्हणून ती पहाटे काळोखात, कळी असतानाच खुडायची, मुठीत मावेल एवढी जुडी करून केळीच्या सोपटाने बांधायची आणि उजाडायच्या आत दादरच्या बाजारात पोचवायची. वाडीत फुललेली लिली म्हणजे नजर चुकून राहिलेली लिली. तिला तात्यांच्या भाषेत एकच नाव होतं: पडेल माल.

हा शब्द ते फुलापुरता ठेवत नसत. उशिरा उठणारी तरुण पोरं पडेल माल. जास्त पिकलेला आंबा पडेल माल. टीव्हीवर रात्रभर भांडणारे पुढारी, सगळे पडेल माल. माझे यजमान रिटायर झाले त्या आठवड्यात तात्या लिफ्टमध्ये भेटले आणि सहानुभूतीने म्हणाले, "म्हंजे साहेब फुलले म्हनायचे." मी विमा कंपनीतली नोकरी वेळेआधी सोडलीय हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "तू अजून कळी हायस गो बाय. उगाच खुडून घेतलंस."

मी सोसायटीची सेक्रेटरी झाले ती नोकरी सोडल्यामुळेच. रिकामी बाई दिसली की सोसायटी तिला सेक्रेटरी करते. तात्या एरवी मला "बाय" म्हणतात. रागावले की "शेक्रेटरीनबाई".

पहिल्यांदा शेक्रेटरीनबाई झाले ते त्यांच्या आगमनालाच. वाडीच्या वाटण्या झाल्या, भावांनी आपापले तुकडे बिल्डरला दिले, तात्यांच्या वाट्याच्या तुकड्यावरही पार्किंग आलं आणि मुलगा-सून त्यांना एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आले. तात्यांच्या सामानात एक ट्रंक, एक कोयता आणि दोन गोणी होत्या. गोणींत लिलीचे कांदे. लिफ्टमध्ये त्यातल्या एकीचं तोंड सुटलं आणि कांदे तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत सांडले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी कुठून आणले, काय भाव पडला म्हणून विचारलं. तात्या म्हणाले, "खानार असाल तर फुकट घ्या, पन घरच्यांना आधी सांगून ठेवा." हा कांदा विषारी असतो हे त्या बाईंना नंतर कळलं. त्यांनी माझ्याकडे तक्रार केली.

मी पाचव्या मजल्यावर गेले. म्हटलं, "तात्या, गच्चीवर कुंड्या ठेवायच्या तर नियम आहेत."

"सांगा, शेक्रेटरीनबाई."

"कुंडीखाली ताटली हवी. पाणी गळता कामा नये. गच्चीवर खुर्च्या, खाटा, पापड आणि पाहुणे न्यायचे नाहीत."

"खुर्ची कशाला? लिलीवाला बसला कधी?" असं म्हणून त्यांनी आत जाऊन पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली गोड केळी, आणून माझ्या हातावर ठेवली. आगाशीची सुकेळी मी लहानपणी खाल्ली होती, आमच्या चाळीत एक बाई टोपलीतून विकायला यायची तेव्हा. तोंडात टाकल्यावर ती टोपली, तिच्यावरचं ओलं फडकं, सगळं आठवलं. परवानगी दिली. लाच म्हणा हवं तर.

तेव्हापासून रोज सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर कोणाच्या ना कोणाच्या दाराच्या कडीला लिलीची एक जुडी लटकलेली असते. आज या मजल्यावर, उद्या त्या. तात्या पहाटे डोक्याला लाईटची पट्टी बांधून गच्चीवर जातात, शेजारच्या बिल्डिंगमधल्या नव्या माणसांना वाटतं की चोर आला. दोनदा फोन आले मला. "चोर नाही, लिली खुडतायत," असं सांगितलं तर समोरचा माणूस गप्प होतो, समाधान काही होत नाही.

किडीशी त्यांचं वैर नव्हतं. सोयरीक असावी तसं चाललेलं असायचं. ठिपक्यांच्या अळ्या म्हणजे बँडवाले, कारण लग्नातल्या बँडसारखा त्यांचा युनिफॉर्म. ती अंडी घालणारी रंगीत पाखरं म्हणजे बँडमास्तर. पावसात भिंतीवरून निवांत चालत येणाऱ्या गोगलगाई म्हणजे पेन्शनर. पातीच्या बेचक्यात बसणारी पांढरी पिठूळ कीड म्हणजे पावडरवाल्या. "आज पावडरवाल्या जमल्यात, मंगळागौर हाय वाटतं," असं ते मला जिन्यात सांगत आणि मी तीन पायऱ्या उतरून गेल्यावर मला हसू येई.

दुकानातलं औषध मात्र मारू देत नसत. "कळी बाईच्या केसात जानार. देवाच्या गळ्यात जानार. तिथं जहर धाडू?" त्यांचं औषध वेगळं. एकदा माझ्याकडे बातमी आली की गजूतात्या या वयात विड्या ओढायला लागले. वॉचमनकडे आणि बाहेरच्या रिक्षा स्टँडवर थोटकं मागत हिंडतात. सून शरमेने अर्धी झालेली. मी गच्चीवर जाऊन त्यांना रंगेहाथ पकडलं. पत्र्याच्या डब्यात थोटकं भिजत घातली होती आणि तात्या त्यात कपड्यांचा साबण किसत होते.

"तंबाखूचं पानी, बाय. बँडवाल्यावर शिंपडलं की वाजवायचं इसरतो."

"मग पुडी विकत आणा ना तंबाखूची. लोक काय म्हणतात कळतं का?"

"पुडीची तंबाखू ताजी. तिला झटका नाय. विडी कशी, अर्धी जळलेली पायजे." मग आवाज खाली आणून, "आन् सिग्रेटचं थोटूक अज्याबात नाय चालत. त्याच्यावर अळी माजते."

हे शास्त्र त्यांनी कुठून आणलं, माहीत नाही. अळ्या कमी होत होत्या एवढं खरं.

त्यांचं खरं भांडण किडीशी नव्हतं, तिसऱ्या मजल्यावरच्या फिलोमिनाशी होतं. फिलोमिना मूळची वसईजवळच्या पापडी गावची, साठीची, आवाजाने दणकट. तिच्या दाराशेजारच्या कोनाड्यात मेरीमातेची मूर्ती आहे आणि तिथे ती फुलदाणी ठेवते. शिवाय रविवारी चर्चमध्ये आल्तार, म्हणजे वेदी, सजवायला तिचा हात असतो. एकदा सणाच्या आदल्या दिवशी तिने तात्यांना गच्चीच्या दारातच गाठलं.

"तात्या, उद्याच्या मिस्साला दोन मोठ्या दांड्या पायजेत. फुललेल्या."

"कळ्या देतो. जुड्या नेतेस तेवढ्या ने."

"कळ्या काय करू? देवासमोर तोंड मिटलेलं फूल ठेवू?"

"फुललेलं म्हंजे पडेल माल."

"अवो, तुमच्या बाजारात पडेल! आमच्या देवाला उघडं फूल लागतं. तुमच्या देवाला कळी चालते, तो समजून घेतो."

"समजून बिमजून नाय. आमच्या देवाच्या गळ्यात जाऊन फुलते ती. घरी ने, पान्यात ठेव, सांजेला फुलंल. माझ्या झाडावर नाय फुलायची."

"मग माझ्या घरात फुललेली चालते, तुमच्या झाडावर नाय? हा कसला हिशेब?"

 तात्यांनी जुड्या तिच्या हातात दिल्या आणि ते खाली गेले. फिलोमिना जुड्या घेऊन गेली, पाण्यात ठेवल्या, त्या फुलल्या, आल्तारावर गेल्या, सगळे खूश. पण त्यानंतर मी एक गोष्ट पाहिली. फिलोमिनाच्या कोनाड्यात फुललेली लिली असली की तात्या त्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तरी मान फिरवून भिंतीकडे बघतात. लिफ्ट बंद असली तर मागच्या जिन्याने येतात, जिथे पाइप गळतो आणि दिवा नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "तिच्याशी कोन तोंड लावील?" मला पटलं. फिलोमिनाशी तोंड लावायला मीही घाबरते.

तात्यांनी गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत गोंधळ घातला तोही सांगते, कारण त्याचा पुढे संबंध आहे. आम्ही नुकताच बिल्डिंगला पांढरा रंग काढला होता. तात्या उभे राहिले. "रंगवाल्याने फसवलं. पांढरा सांगून पिवळा काढला." सगळे सांगून थकले की पांढराच आहे. तात्या ऐकेनात. "मी जल्मभर पांढऱ्याचा धंदा केला. मला पांढरा शिकवता?" मी शेवटी रंगाच्या डब्याचं झाकण आणून दाखवलं. त्यांनी झाकण उजेडात धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हापन पिवळा."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. मोतीबिंदू सुनेच्या लक्षात आला तो यंदा, तात्यांनी चहात मीठ घातलं तेव्हा.

ऑपरेशन एकाच डोळ्याचं ठरलं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. तात्यांना डोळ्याची फिकीर नव्हती. फिकीर कुंड्यांची, आणि तीही ऐन पावसाळ्यात, बँडवाल्यांच्या सीझनला. मुलगा-सून दोघं सकाळी आठला घर सोडतात. सुनेला अळीची शिसारी. नुसतं नाव काढलं तरी ती पाय वर घेते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तात्या स्वतः माझ्या दारात आले. हातात चिमटा, बरणी आणि डोक्याची लाईट. हा माणूस माझ्या दारात काही मागायला पहिल्यांदाच आला होता.

"बाय, वाडीतलं एवढंच राहिलंय माझ्याकडं. कांदे खाल्ले बँडवाल्यांनी तर वाडी गेली."

"एक अळी राहू देणार नाही."

"अळी राहिली तर राहिली एखादी. पन फूल नको. पहाटे खुडायच्या, सगळ्या. एकपन फुलू द्यायची नाय. शब्द दे."

मी म्हटलं, "दिला." मला वाटलं, म्हाताऱ्याची धंद्याची सवय. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मीसुद्धा आठच्या ठोक्याला पर्स शोधते.

तर त्या रविवारपर्यंत मी शब्द पाळत होते. पहाटे लाईट बांधून जायचे, शेजारच्या बिल्डिंगमधले आता मला चोर समजत. कळी कशी निवडायची ते तात्यांनी शिकवलं होतं: हिरवी सोडायची, दुधावर आलेली घ्यायची. देठ मोडताना एक बारीक "टक" असा आवाज येतो. सुरुवातीला मला जुडी बांधायला जमेना, सोपट तुटायचं. मग जमलं. काळोखात ओल्या पातींच्या वासात वाकून एकेक कळी मोडताना मला आईची आठवण व्हायची. ती पहाटे अशीच काळोखात चाळीमागच्या परसात जाऊन पूजेला फुलं आणायची आणि आम्ही उठेपर्यंत तिचा पदर कोरडा झालेला असायचा. मी ही आठवण तिथेच ठेवून खाली यायचे. चहा-नाश्ता करायचा असे.

रविवारी पहाटे एका कुंडीत मला एक कळी दिसली. बँडवाल्याने तिला कडेने चावलं होतं. सालीचा एक तुकडा गेलेला, बाकी धड. मी बोटांत धरली आणि सोडून दिली. ही जुडीत घातली तर जुडी खराब दिसेल. खुडून तरी काय करायचं? पडेल माल. मी अगदी तात्यांच्याच आवाजात मनाशी म्हटलं आणि स्वतःवर खूश होऊन पुढच्या कुंडीकडे गेले. चावलेली कळी फुलते की नाही, हा प्रश्न मला पडलाच नाही.

दुपारी अळ्या वेचल्या, फोन घेतले. संध्याकाळी पुन्हा पावडरवाल्यांसाठी साबणाचं पाणी शिंपडायला वर गेले. ऊन नव्हतं, पण ढगांच्या मागून उजेड येतो तसा उजेड होता. मी पाठमोरी वाकलेली असताना गच्चीचं दार वाजलं. काळा गॉगल, पांढरा शर्ट, एका हाताने भिंत धरून गजूतात्या.

"तात्या! जिना चढायला मना केलंय ना?"

"लिफ्टनं आलो."

"लिफ्ट सातव्यापर्यंत येते. पुढचा जिना?"

"तो काय जिना हाय? बारकी शिडी ती." मग भिंतीवर हात फिरवत, गॉगलच्या कडेने बघत, "रंग कधी काढला?"

"गेल्या वर्षी. पिवळा म्हणालात तोच."

ते थांबले. भिंतीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "आन् तुझे केस एवढे पांढरे कधी झाले गो?"

"तुमच्या कुंड्या सांभाळून."

ते हसले, आणि मग हसता हसता नाक वर करून वास घेतला. त्याच क्षणी मलाही तो वास आला. माझ्या मागच्या कुंडीत, हिरव्या दांडीच्या टोकाला, सकाळची चावलेली कळी उघडली होती. पाकळ्या सगळ्या बाजूंना पसरलेल्या, एकीचं टोक तेवढं खाल्लेलं.

मी ओढणी पसरून तिच्यापुढे उभी राहिले. पन्नाशी उलटलेली बाई, गच्चीवर एका फुलापुढे हात पसरून उभी. माझ्या शहाण्या आयुष्यात मी इतकी मूर्ख कधी दिसले नसेन.

"बाजूला हो, बाय."

"तात्या, चुकून राहिली. चावलेली होती, मला वाटलं…"

"बाजूला हो."

मी झाले. आता शेक्रेटरीनबाई म्हणतील, म्हणून वाट बघितली.  ते भिंत सोडून पुढे आले, कुंडीजवळ थांबले.

"खुर्ची हाय काय?"

"गच्चीवर खुर्ची नाही. मीच नोटीस लावलीय."

मी बादली रिकामी करून उपडी घातली. ते तिच्यावर बसले. गॉगल काढला.

"डॉक्टरांनी…"

"गप."

बराच वेळ ते बघत राहिले. मग एक डोळा हाताने झाकला, पुन्हा उघडला, दुसरा झाकला. लहान मुलं खेळतात तसं. मला वाटलं, डोळ्यात काही गेलं.

"लॉकडाऊन लागला तवा," ते म्हणाले, "बाजार बंद. गाड्या बंद. कळ्या काय थांबतात? पहिले काय दिवस खुडल्या आन् उकिरड्यावर टाकल्या. मग वेणू म्हनली, आज नको. आज झाडावर राहू दे."

वेणू म्हणजे त्यांची बायको. ती वारली हे मला माहीत होतं; नाव आज पहिल्यांदा ऐकलं. एरवी ते "आमची मंडळी" म्हणत.

"सांजेला सगळी वाडी फुटली, बाय. सगळी. पानी भरल्यासारखी. आमच्या तीन पिढ्या तिथं राबल्या, पन वाडी फुललेली कोनी बघितली नव्हती. आम्ही दोघं विहिरीच्या कठड्यावर बसलो. ही लग्न होऊन आली त्या दिवसापासनं काळोखात खुडत होती. पहिला कंदील, मग बॅटरी, मग ही डोक्याची. मला म्हनते, 'अवो, आपन जल्मभर यांना झोपेतच उचललं.'"

खाली रस्त्यावर पाववाल्याच्या सायकलचा भोंगा वाजला. तात्या थांबले, तो दूर गेल्यावर बोलले.

"मग आमचं भांडन झालं."

"भांडण? कशावरनं?"

"रंगावरनं. ती म्हनली, दुधासारखी पांढरी हाय. मी म्हनलं, दूध नाय, साय. जरा पिवळट. ती म्हनली, तुमचे डोळे बघा. मी म्हनलं, मी पांढऱ्याचा धंदा करतो, तू मला शिकवतेस? अशी हसली. शेवटी ठरलं, उद्या परत बसायचं, नीट बघायचं आन् ठरवायचं. म्हनली, 'पन दोघांनी हां. तुम्ही एकटे बघून निकाल लावाल.'"

 मग म्हणाले, "रातीच ताप आला तिला. हास्पिटलात मला आत सोडीत नव्हते."

त्यांनी हात पुढे करून त्या चावलेल्या पाकळीला बोट लावलं.

"एकट्यानं बघायचं नाय, असं ठरलेलं. म्हनून नाय बघितली."

अशा वेळी मी कामाचं बोलते. म्हटलं, "आता बघितलीत ना. काय ठरलं मग? साय की दूध?"

त्यांनी पुन्हा एक डोळा झाकला. जुन्या डोळ्याने बघितलं, मग नव्या डोळ्याने. जुन्या, मग नव्या.

"या डोळ्यानं साय दिसते," ते म्हणाले. "या डोळ्यानं दूध."

मग जुना डोळा तळहाताने झाकलेलाच ठेवून, नव्या डोळ्याने ते अंधार पडू लागेपर्यंत बघत राहिले.

"दूधच होतं गो," शेवटी म्हणाले. "ती बरोबर होती."

मी त्यांना हाताला धरून जिना उतरवला. सातव्यावर लिफ्ट आली. आत शिरताना ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तरी शब्द मोडलास, शेक्रेटरीनबाई." मी म्हटलं, हो, मोडला. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी बटन दाबलं होतं, दार उघडलं. समोर फिलोमिनाचा कोनाडा, फुलदाणीत सकाळच्या जुडीतली लिली, सगळी फुललेली. तात्या भिंतीकडे वळले नाहीत. फिलोमिना पिशवी घेऊन उभी होती. तिने यांना बघितलं, फुलांना बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता लिफ्टमध्ये शिरली. तळमजला आल्यावर आमच्या लक्षात आलं की आम्हाला पाचव्यावर उतरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी डोक्याला लाईट बांधून गच्चीवर गेले. दुधावर आलेल्या कळ्या खुडल्या, जुड्या बांधल्या. पाण्याच्या टाकीजवळच्या एका रांगेतल्या कुंड्यांना हात लावला नाही. मग सोसायटीच्या ऑफिसमधून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या वर आणल्या, त्या रांगेसमोर मांडल्या, गच्चीच्या दारावरच्या माझ्याच नोटिशीतला "खुर्च्या" हा शब्द पेनने खोडला, आणि बरणीत ताजं मीठ-पाणी घालून बँडवाले वेचायला बसले.